ग्वाटेमालाला जाताना सोबत कोण?

ग्वाटेमाला शहरात सुखरूप कसं जावं आणि सुखरूप परत कसं यावं, हे मला निघण्याआधी अकरा जणांनी समजावून सांगितलं. मी मोजले. त्या अकरांमध्ये ग्वाटेमाला पाहिलेला एकही नव्हता. चौघांना तो देश आफ्रिकेत आहे असं वाटत होतं. एकानं सांगितलं, तिथं बर्फ पडतं, कानटोपी घ्या. आणि आमच्या सिडकोतल्या समोरच्या बाई, ज्यांना शहागंजच्या बाजारात जायचं तरी नवऱ्याची सुट्टी बघावी लागते, त्या फाटकाला टेकून म्हणाल्या, "काकू, लई बेकार शहर हाय म्हणं ते. भरदिवसा माणसं मारतेत."

"तुम्ही कधी गेला होता?"

"मी कशाला जाते मरायला? मोबाइलवर दाखवलं." मग आवाज खाली आणून, "सोबत कोण हाय तुमच्या?"

हाच तो प्रश्न. अकराच्या अकरा जणांनी विचारला. खायचं काय, भाषा येते का, गुडघे साथ देतील का, यातलं काही नाही. सोबत कोण. अडुसष्ट वर्षांची बाई, तेहतीस वर्षं बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून अर्ध्या मराठवाड्याला वाट दाखवलेली, आणि आता तिला वाट कोण दाखवणार याचा सगळ्या कॉलनीला घोर. माझं डोकं असं तापायचं की त्यावर चहा झाला असता.

जायचं कारण साधं होतं. माझ्या लेकीला अडतिसाव्या वर्षी दिवस गेले होते. जावई वाळूजला तयार होणाऱ्या तीनचाकी रिक्षांच्या कामावर आहे. त्या रिक्षा जहाजानं थेट तिकडं जातात, आणि त्या दुरुस्त कशा करायच्या हे तिकडच्या मिस्त्र्यांना शिकवायला त्याला तीन वर्षांसाठी पाठवलंय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण डॉक्टरांनी लेकीला विमानात बसायला साफ मनाई केली. मग माहेरानंच उठून जायला नको? माहेर म्हणजे काय सिडकोतल्या या तीन खोल्या? माहेर म्हणजे मी.

हे माझ्या मुलाला पटेना. मी त्याच्याकडं राहते, असं तो लोकांना सांगतो. घर माझ्या नावावर आहे, पण ते असो. एका रविवारी तो चौदा पानं छापून घेऊन आला. कुठल्यातरी गोऱ्या देशाच्या सरकारनं आपल्या लोकांसाठी लिहिलेल्या सूचना: ग्वाटेमाला शहरात गेलात तर काय करू नये. तो वाचत गेला आणि मला मराठीत सांगत गेला. रस्त्यात फोन बाहेर काढू नये. अंगावर सोनं घालू नये. एटीएम वापरायचंच तर मॉलच्या आतलं, तेही दिवसा. रस्त्यावरची टॅक्सी थांबवू नये. मोटरसायकलवर दोघं दिसले तर सावध राहावं. शहरातल्या लाल बसमध्ये अजिबात बसू नये.

"लाल बसमध्ये का नाही?"

"लुटतात, आई."

"अरे, तुझं बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचं शिक्षण लाल बसवर झालंय. लाल बसनं तुला जेवू घातलं."

"ती लाल बस वेगळी."

"बरं. आता हेच सरकार आपल्या देशाबद्दल काय सांगतं, ते काढ."

त्याला काढायचं नव्हतं. काढलं. मनात वाचायला लागला.

"मोठ्यानं वाच."

"बायकांनी एकट्यानं प्रवास टाळावा… अंधार पडल्यावर सार्वजनिक वाहनानं जाऊ नये… अनोळखी माणसाकडून खायला-प्यायला…"

"कुठं? ग्वाटेमालात?"

"नाही. इथं."

"म्हणजे मी तेहतीस वर्षं रोज दुसरी पाळी संपवून बसनं घरी यायचे, ते त्या गोऱ्यांना विचारून यायला पाहिजे होतं?"

तो हसला, पण ऐकेना. दिवाळीत सुट्टी मिळाली की मी स्वतः सोडतो, म्हणाला. लेकीची तारीख सप्टेंबरातली. मी म्हटलं, बाळाला कळव तसं, म्हणावं मामाची रजा मंजूर झाली की ये.

तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मी कुणालाच पुरती सांगितली नव्हती. सांगताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मी तेवीस वर्षांची होते, नोकरी लागून सहा महिने झाले होते. माझी आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली बाई, त्यामुळं ती खुर्ची मला जरा जास्तच चढली होती. खळ घातलेली साडी, अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन, समोर माइक. खेड्यातल्या माणसाशी मी मुद्दाम पुस्तकी बोलायची. 'गाडी लागली' म्हणायचं नाही, 'गाडी फलाटावर उपलब्ध आहे' म्हणायचं. गाडीला उशीर झाला तर 'प्रवाशांनी संयम बाळगावा' असं मी पदरचं घालायची. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या अंबाड्यातलं पेन काढून तिच्याच कपाळावर 'शहाणी' असं लिहीन.

एका संध्याकाळी शेंद्र्याकडची एक बाई खिडकीशी आली. माझ्या आईच्या वयाची. काखेत बोचकं, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"बाई, देवगाव रंगारीची गाडी कव्हा हाय?"

"सोबत कोण आहे?" मी विचारलं. गाडीचं नंतर, आधी हे.

"कोनी नाय. लेक अडलीय तिथं. सांगावा आलाय."

"एकट्या बाईनं या वेळेला निघू नये, मावशी. पोचेपर्यंत अंधार पडेल. सकाळी साडेसहाची आहे, तिनं जा. ती सुरक्षित असते."

"आत्ता नाय का एखांदी?"

होती. सातव्या फलाटावर उभी होती. ड्रायव्हर चहा पिऊन चढत होता, मला खिडकीतून दिसत होता. घोषणा मी आधीच करून टाकली होती, आणि बाईला पाटी वाचता येत नव्हती. मी म्हटलं, "सकाळचीच घ्या."

"बरं बाई. तुमाला म्हाईत," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. गाडी तिच्या समोरून निघून गेली. मी काय केलं माहीत आहे? मला बरं वाटलं. एका अडाणी बाईला संकटातून वाचवल्याचा आनंद झाला मला. घरी जाऊन आईलाही सांगितलं असेन.

आठ-दहा दिवसांनी ती परत आली. जाळीतून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. नात झाली, म्हणाली. त्याच राती झाली. लेक बरी आहे. "लई वाट पाह्यली म्हणं तिनं. घडीघडीला इचारायची, माय आली का, माय आली का." एवढंच. मला एक वाकडा शब्द बोलली नाही, उलट भलं होवो म्हणाली. तो गूळ मी खाल्ला. गोड होता.

मुलगा ऐकून म्हणाला, "ते वेगळं होतं, आई."

"काय वेगळं होतं?"

दोन दिवसांनी त्यानं तिकीट काढलं, पण स्वतःची एक अट घातलीच. प्रत्येक विमानतळावर माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली. माझे पाय धडधाकट आहेत, मी ओरडले. तो म्हणाला, सगळ्यांचे आईबाप असेच जातात, खुर्ची ढकलणारा माणूस थेट दारापर्यंत सोडतो, वाट विचारावी लागत नाही. वाट विचारावी लागत नाही! वाट विचारणं आणि सांगणं यावर जिचा जन्म गेला, तिला हे सांगतो. मी फणफणत बसले त्या खुर्चीत. आणि मग खरं सांगायचं तर मजा आली. लांबच लांब रांगा बाजूला झाल्या, मी ताठ बसून पुढं गेले. तीन विमानं बदलली, पाचशे पावलंसुद्धा चालले नसेन. तेव्हा हा सल्ला घ्या. मान खाली घालायची आणि खुर्ची मागायची.

सोनं घरी ठेवलं. शहागंजमधून पिवळ्याधमक खोट्या बांगड्या घेतल्या. चोराला अगदीच निराश करायचं नाही, असा माझा विचार. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, दोन पाकिटं ठेव. खरं आत, खोटं हातात. कुणी अडवलं तर खोटं देऊन टाकायचं, भांडायचं नाही. मी खोट्या पाकिटात थोड्या चिल्लर नोटा घातल्या आणि बसची जुनी तिकिटं कोंबून ते फुगवलं. पासपोर्ट परकराच्या चोरखिशात घालणार होते, पण मुलगा म्हणाला, पंधरा वेळा दाखवावा लागेल, पंधरा वेळा परकर वर करशील का? हा अकरा जणांपैकी एकट्याचा कामाचा सल्ला. निघताना बुद्धवंदना घेतली आणि निघाले. सामानात झबली, माझ्या मऊ झालेल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि बाळंतशोपा.

विमान लेकीनं मुद्दाम दिवसाउजेडी उतरणारं निवडायला लावलं होतं. जावई परगावी होता आणि तिला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, त्यामुळं ओळखीचा टॅक्सीवाला घ्यायला येणार होता. तिथं घ्यायला आलेल्यांना विमानतळाच्या आत सोडत नाहीत, सगळे बाहेर कठड्याला रेटून उभे असतात. फुगे, पोरं, रडणाऱ्या आज्या. मी दारातून बाहेर आले आणि मला एकदम आमचा स्टँड दिसला. चार-पाच जण "टॅक्सी, टॅक्सी" करत अंगावर आले. एकानं तर माझ्या बॅगेला हात घातला. आणि माझ्या तोंडातून, सवयीनं, सगळा पत्ता बाहेर पडणार होता. आपण बसमध्ये बसलो की शेजारच्या बाईला कुणाकडं चाललो, किती दिवस, घरात कोण कोण, सगळं सांगून टाकतो ना, तसं. तेवढ्यात कठड्यामागं एक पाटी दिसली.

देवगाव रंगारी.

देवनागरीत. उलटी धरलेली.

ही माझ्या लेकीची अक्कल. तिनं सांगितलं होतं, नाव लिहिलेली पाटी कुणीही बघतो आणि दुसरा भामटा तसंच लिहून पुढं येतो; पण मी तिकडच्या एका गावाचं नाव आपल्या लिपीत लिहून देते, ते इथं कुणाला खरडता येणार नाही. टॅक्सीवाल्याला बिचाऱ्याला वरची बाजू कोणती ते कळलं नव्हतं. मला काय, मी जन्मभर पाट्या वाचल्या, उलटी असो की आडवी. मी त्याच्या हातातली पाटी सुलटी करून दिली. तो मनापासून हसला. ज्या गावाला मी एका बाईला जाऊ दिलं नव्हतं, त्याच गावाच्या पाटीनं मला लेकीकडं पोचवलं. लेकीला ती गोष्ट माहीत नव्हती. तिनं नाव सहज निवडलं होतं, तिच्या लहानपणी मी तिला तिथल्या जत्रेला नेलं होतं म्हणून.

शहराबद्दल सांगते, कारण कुणी धड सांगत नाही. आमच्या सिडकोत जसे एन-एक, एन-दोन असे भाग, तसे तिथं झोन. आणि ते मधल्या जुन्या शहरापासून चकलीसारखे गोल गोल बाहेर जातात. पाचवी गल्ली म्हणून चालत नाही, पाचवी गल्ली जवळजवळ प्रत्येक झोनमध्ये आहे; झोन सांगितला नाही तर टॅक्सीवाला तुम्हाला भलतीकडंच नेऊन सोडेल. नळाचं पाणी प्यायचं नाही, मोठे जार येतात. दुकानाच्या दारात बंदूकवाला पहारेकरी असतो. औषधाच्या दुकानात पण. पाण्याच्या जारच्या ट्रकवर पण! पहिल्या दिवशी मी डोकेदुखीची गोळी आणायला लेकीच्या शेजारणीबरोबर खाली उतरले आणि त्या बंदुकीच्या नळीकडं बघून डोकं दुखायचं आपोआप राहिलं.

आणि धोका खोटा नाही, हेही सांगते. तिसऱ्या दिवशी, खिडकीतून, मी डोळ्यांनी पाहिलं. एक शहरी पोरगी फोनवर बोलत चालली होती, मोटरसायकल जवळून गेली, आणि पोरगी रिकामा हात कानाला लावून उभी. आवाज नाही, आरडाओरड नाही. तेव्हा तो फोन पिशवीतच ठेवायचा, मी शपथेवर सांगते. पण मला राग कशाचा येतो? त्या चौदा पानांत कुठंही नव्हतं की तुमची लेक तिथं आहे आणि तुम्हाला तिच्याकडं जायचंच आहे, तर मग काय करा. सगळं काय करू नका, तेवढंच. न जाण्याचा सल्ला द्यायला काय लागतं? एक खुर्ची लागते आणि अंबाड्यात पेन.

लेकीनं फ्रिजवर माझ्यासाठी नियम चिकटवले होते. फाटकाबाहेर एकटी जायचं नाही. दारात कुणी आलं तर उघडायचं नाही. खिडकीत उभं राहून लोकांकडं बघायचं नाही.

"हा शेवटचा कशाला?"

"आई, लोकांना वाटतं कुणीतरी पाळत ठेवतंय. इथं ते चांगलं नाही दिसत."

"पाळत कशाची? मी नुसती बघते."

"तू वहीत लिहितेस."

लिहीत होते. काय करणार, खिडकी दिसली की माझा हात वहीकडं जातो. फाटकातून कोणती गाडी किती वाजता आत येते, किती वाजता बाहेर जाते. पंधरा दिवसांत मला त्या इमारतीचं वेळापत्रक पाठ झालं. शाळेची बस साडेसहाला. पाण्याचा ट्रक मंगळवारी आणि शुक्रवारी. आणि रोज दुपारी दोनच्या सुमाराला एक पांढरी टॅक्सी दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला दवाखान्यातून आणून सोडायची. कसलेतरी उपचार चालू होते तिचे. तोच ड्रायव्हर, तीच गाडी. फाटकावरचा पहारेकरी त्याला बघून हात करायचा, नोंदीची वही समोर करायचा नाही. म्हणजे ओळखीचा. तो उतरून म्हातारीला धरून लिफ्टपर्यंत नेतो, म्हणजे माणूसही बरा. हे सगळं मी वहीत लिहिलं होतं. लेक चिडायची. फेकून दे ती वही, म्हणायची. मीही चिडायची. आमचं त्यावरून एकदा चांगलंच वाजलं, ती म्हणाली तू इथं येऊन पण स्टँडच चालवतेस, आणि मी रुसून वरण पातळ केलं.

तारखेच्या बारा दिवस आधी, दुपारी दीड वाजता, लेकीनं स्वयंपाकघराच्या दाराला धरून मला हाक मारली. खाली पाणी. मी पाहिलं आणि मला कळलं.

जावई चार तासांवर होता, मिस्त्र्यांचा वर्ग घेत. तिनं फोनवरच्या टॅक्सीला विनंती टाकली. ड्रायव्हर शोधत आहोत. शोधत आहोत. मिळाला, आणि तोच रद्द करून गेला. पुन्हा शोधत आहोत. शहरात कुठंतरी रस्ता अडवला होता, सगळ्या गाड्या अडकलेल्या. आमच्या पाटीवाल्या टॅक्सीवाल्याला फोन लावला, तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दवाखान्याची गाडी पाऊण तास म्हणाली. लेकीला कळ आली तशी ती वाकली आणि म्हणाली, "आई, आता?"

"किती वाजले?"

"आई, वेळ काय विचारतेस!"

"किती वाजले ते सांग."

"दोनला सात मिनिटं."

मी तिची पिशवी उचलली, जी मी आल्या दिवसापासून भरून दाराशी ठेवली होती आणि जिला ती हसायची. म्हटलं, खुर्चीवर बस, लिफ्टजवळ, मी गाडी घेऊन येते. ती म्हणाली, रस्त्यावरची गाडी घ्यायची नाही, आई, नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, रस्त्यावरची नाही, दोनची.

खाली गेले. पहारेकऱ्याला माझी भाषा येत नाही, मला त्याच्या भाषेतले दहा शब्द. त्यातला एक 'थांबा'. मी वर बोट केलं, पोटाचा आकार केला, आणि फाटकाच्या मधोमध उभी राहिले. अशी उभी राहिले की आता रणगाडा आला तरी इथंच. पहारेकऱ्यानं कपाळाला हात लावला आणि बंदूक भिंतीला टेकवून लिफ्टकडं पळाला. दोन वाजून चार मिनिटांनी पांढरी टॅक्सी आली. आतल्या म्हातारीनं मला बघितलं, मग लिफ्टमधून पहारेकऱ्याचा हात धरून येणाऱ्या माझ्या लेकीला बघितलं, आणि जिला एरवी उतरायला पाच मिनिटं लागायची ती पोरीसारखी टुणकन बाहेर आली. ड्रायव्हरला तिनं काहीतरी दरडावून सांगितलं. मला शब्द कळला नाही, सूर कळला. आमच्याकडची कुठलीही म्हातारी त्याच सुरात सांगेल: मुकाट्यानं ने.

ड्रायव्हरनं मोठा रस्ता सोडला आणि गल्ल्यांतून काढली. वळणावर एक रिक्षा आडवी आली. आपल्या वाळूजची, निळी, आरशाला झालर लावलेली. लेक कळेत होती तरी म्हणाली, "बघ, तुझ्या जावयाची माणसं." आम्ही दोघी हसलो आणि तिनं माझ्या दंडात नखं रोवली.

दवाखान्यात काचेच्या खिडकीमागं एक पोरगी बसली होती. अंबाड्यात पेन नव्हतं. पण खुर्ची चढलेली होती, ते मला लांबून कळतं. तिनं लेकीकडं बघून, कॉम्प्युटरकडं बघून, काहीतरी विचारलं.

"आई, ती विचारतेय, सोबत कोण आहे."

मला वाटलं, लेकीनं हे मनानंच घातलं. पण नाही, तोच प्रश्न होता. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, तीच काच, तोच सूर.

"सांग तिला, मी."

"सांगितलं. ती म्हणते, यांना भाषा येत नाही, दुसरं कुणी आहे का? नवरा कधी येणार? तोपर्यंत तू बाहेर बसायचंस."

मग माझं जे व्हायचं ते झालं. मी त्या पोरीला मराठीत सांगितलं, अगदी शेंद्र्याच्या मराठीत, पुस्तकी एक अक्षर नाही: "ए बाय, म्या सात समुद्र वलांडून आले ते भाईर बसाया नाय. भाषा तुला यती ना? तुझी तू बोल. मला माझ्या लेकीची यती." आणि पिशवीतून एकेक कागद काढून काचेखालून आत सरकवायला लागले. लेकीची फाइल, रक्तगटाचा कागद, विम्याचं कार्ड, माझ्या पासपोर्टची प्रत, जावयाच्या पासपोर्टची प्रत, सगळं एकाखाली एक, टाचणी लावून. कुठल्याही खिडकीतला माणूस अशा कागदांपुढं नरमतो, हे मला आतून माहीत आहे. तिनं बघितले. उलटून बघितले. काही राहिलंय का ते शोधलं, सापडलं नाही. मग एक चिकटपट्टी काढून त्यावर एक शब्द लिहिला आणि बाहेर येऊन स्वतः माझ्या पदरावर चिकटवली. लेकीनं वाचून दाखवली. सोबत, असा त्याचा अर्थ.

नात सव्वासहाला झाली. जावई पोचला तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून झालं होतं. त्याआधीचे तीन-साडेतीन तास मी लेकीच्या उशाशी उभी होते, गुडघ्यांची आठवण न काढता. लेक मध्येच डोळे मिटायची आणि मिटल्या डोळ्यांनी हात चाचपायची.

"आई, आहेस ना?"

"आहे."

थोडा वेळ गेला की पुन्हा. "आई?"

"आहे गं."

किती वेळा विचारलं असेल, मी मोजलं नाही. शेवटी शेवटी तर दर घडीला. "आई, आहेस ना इथं? जाऊ नको."

"जाते कुठं?" मी म्हटलं. "बाहेर लई बेकार शहर हाय म्हणं."